काचेच्या टाकीत सह्याद्रीचा ओढा

दिवाणखान्यातील मत्स्यपेटीचे चित्र बहुतेक घरांत सारखेच असते. तळाशी निळे-लाल खडे, मधोमध बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा शिंपला, कोपऱ्यात प्लास्टिकचीच हिरवी पाने आणि त्यांतून फिरणारे चीनचे गोल्डफिश, दक्षिण अमेरिकेतील एंजल, आफ्रिकेतील सिक्लिड व थायलंडचा फायटर. तीन खंडांतील हे मासे निसर्गात एकमेकांच्या वाटेला कधीच गेले नसते. त्यांना लागणारे पाणी वेगळे, तापमान वेगळे, खाणे वेगळे आणि स्वभाव तर त्याहून वेगळे. साहजिकच महिना-दोन महिन्यांत एकेक मासा दगावू लागतो. मग 'आमच्या घराला मासे लाभत नाहीत' असा निष्कर्ष निघतो आणि टाकी माळ्यावर जाते. प्रत्यक्षात मासे न लाभण्याचे कारण घराच्या दिशेत नसून टाकीतील पाण्यात असते.

या सरमिसळीला पर्याय म्हणून जगभरातील मत्स्यपालक ज्या पद्धतीकडे वळले, तिला बायोटोप अ‍ॅक्वेरियम, म्हणजेच अधिवास मत्स्यालय म्हणतात. निसर्गातील एखादे विशिष्ट पाणी निवडायचे आणि त्याची शक्य तितकी प्रामाणिक प्रतिकृती काचेत उभी करायची, एवढाच याचा अर्थ. 'विशिष्ट' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. 'नदी' म्हणजे अधिवास नव्हे. नदीचा उथळ, खळाळता, दगडगोट्यांचा पट्टा हा एक अधिवास आणि त्याच नदीचा पालापाचोळ्याने भरलेला संथ डोह हा दुसरा. तेथे आढळणारे मासे, तेथे उगवणाऱ्या वनस्पती, तेथीलच प्रकारचे दगड, वाळू व लाकूड, तेथे असते तसे पाणी आणि तेवढाच प्रकाश, हे सारे एकत्र आले की अधिवास पुरा होतो.

संकल्पना जर्मन जीवशास्त्रातून आलेली आहे. एखाद्या ठिकाणच्या जीवांचा एकमेकांशी बांधलेला समुदाय असतो, हा विचार कार्ल मोबियस यांनी १८७७ मध्ये कालवांच्या अभ्यासातून मांडला. अशा समुदायाच्या वसतिस्थानाला 'बायोटोप' हे नाव फ्रिडरिक डाल यांनी १९०८ मध्ये दिले. घरगुती मत्स्यालयाचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एकाच भांड्यात ठेवून असे दाखवून दिले, की तिन्हींचे प्रमाण जुळले तर पाणी सडत नाही. पुढच्या दीडशे वर्षांत मत्स्यालय ही शोभेची वस्तू झाली आणि वॉरिंग्टन यांचा मूळ धडा अनेक घरांतून हद्दपार झाला.

येथे आणखी एक गल्लत टाळायला हवी. जपानच्या ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी लोकप्रिय केलेले 'नेचर अ‍ॅक्वेरियम' म्हणजे अधिवास मत्स्यालय नव्हे. अमानोंच्या टाक्या डोळ्यांचे पारणे फेडतात, परंतु ती पाण्याखालची बाग आहे. रचनेला शोभेल तर आशियातील वनस्पतीशेजारी अमेझॉनचा मासा तेथे चालतो. अधिवास मत्स्यालयात ही मुभा नाही. तेथे सौंदर्याचा निकष दुय्यम असतो. खऱ्या ओढ्याचा तळ तपकिरी आणि दगड शेवाळलेले असतील, तर टाकीही तशीच दिसली पाहिजे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती काहीशी अस्वच्छ वाटू शकते, हे आधीच सांगितलेले बरे.

नळाला येते ते पाणी कोणाचे?

नवखा मत्स्यपालक आधी मासा निवडतो आणि मग त्याला मानवेल असे पाणी करण्याच्या खटाटोपाला लागतो. क्रम उलटा हवा. घरात जे पाणी येते, त्याला साजेसा अधिवास निवडला तर निम्मे काम आपोआप होते.

दोन टोकाची उदाहरणे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होईल. दुकानांत 'कार्डिनल टेट्रा' नावाने मिळणारा लाल-निळा चिमुकला मासा ब्राझीलच्या रिओ निग्रो खोऱ्यातला. कुजलेल्या पानांच्या अर्काने तेथील पाणी चहासारखे काळपट, अत्यंत मृदू आणि आम्लधर्मी झालेले असते. पीएच पाचच्याही खाली जातो. याउलट आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण पावणेआठ ते साडेआठ. पहिल्यासाठी घरी आरओचे पाणी वापरावे लागते, दुसऱ्यासाठी पाण्यात क्षार वाढवावे लागतात. दोन्ही करता येते; परंतु दर आठवड्याला, वर्षानुवर्षे करायचे असते. उत्साह ओसरला की पाणी बिघडते.

मुंबईकराच्या नळाला येणारे बहुतांश पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा या नद्यांवरील धरणांचे असते. पुण्याला ते खडकवासला, पानशेत, वरसगाव या साखळीतून मिळते, तर नाशिकला गंगापूर धरणातून. या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या कुशीत उगम पावतात. बेसॉल्टच्या कातळावरून वाहून आलेले हे पाणी बहुधा मृदू ते मध्यम असते आणि पीएच सातच्या आसपास. म्हणजेच या शहरांतील घराघरांत सह्याद्रीच्या ओढ्याचेच पाणी, क्लोरीन घालून, रोज येत असते. त्या ओढ्याचे मासे मात्र कोणाच्याच टाकीत नसतात.

बोअरवेलच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वसाहतींची गोष्ट थोडी निराळी आहे. दख्खनच्या पठारावरील भूजल पुष्कळदा जड असते. तेथे पाण्याची कठीणता तपासणाऱ्या संचाने (मत्स्यालयाच्या दुकानांत तो मिळतो) एकदा मोजणी करावी. फार जड असेल तर गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी त्यात मिसळता येते. सह्याद्रीतील पुढे उल्लेखलेले बहुतेक मासे मध्यम कठीण पाणी सहज सोसतात.

आधी ओढा पाहावा

अधिवास मत्स्यालयाची पहिली खरेदी म्हणजे थर्मामीटर आणि वही. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, सह्याद्रीच्या पायथ्याचा कोणताही निर्मळ ओढा तासभर शांतपणे पाहिला तर जे कळते ते कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. पाणी कोठे खळाळते व कोठे साचते, गोटे केवढे आहेत, दोन गोट्यांमध्ये वाळू आहे की चिखल, काठाच्या उंबराची किंवा जांभळाची मुळे पाण्यात कशी उतरली आहेत, ऊन किती वेळ पोचते, हे सारे टिपून घ्यावे. माशांच्या जागाही ठरलेल्या असतात. पृष्ठभागालगत डॅनिओंची चपळ रांग, मधल्या पाण्यात बार्बचे थवे, तळाच्या वाळूवर लोच आणि वाहत्या दगडाला ओठांनी बिलगून शेवाळ खरवडणारा मळ्या.

या 'मळ्या'ची कथा मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल विल्यम सायक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमधील माशांचा अभ्यास केला आणि १८३९ पासून त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे ठेवताना त्यांनी स्थानिक नावेच लॅटिन वेशात उभी केली. त्यामुळे आज जगभर 'गारा मुल्या' म्हणून ओळखला जाणारा मासा म्हणजे आपला मळ्या आणि 'कोलस' म्हणजे कोळस. जगाच्या ग्रंथांत मराठी नावे अशी दीड शतकाहून अधिक काळ नांदत आहेत, आणि मराठी घरांतील टाक्यांत मात्र गोल्डफिश.

सायक्स यांच्यानंतर सारे शोधून झाले, असेही नाही. भीमेच्या खोऱ्यातील पवना व नीरा या नद्यांतून 'पेथिया संजयमोलुरी' हा बार्ब २०१६ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला. आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमावरील मंदिराच्या कुंडात सापडलेला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा लोच तर २०२० मधला. त्या शोधानंतर, २०२१ मध्ये, राज्य शासनाने ते ठिकाण जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. एका कुंडापुरती वस्ती असलेला मासा कोणी हौसेने बाटलीत भरून नेला, तर त्याचे परिणाम काय होतील हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच ओढ्यावर जायचे ते पाहायला. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातून मासा, वनस्पती वा दगड परवानगीवाचून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. इतरत्रही न ओळखता पकडलेला मासा दुर्मीळ प्रजातीचा निघू शकतो. सह्याद्रीचे बरेच सामान्य मासे मत्स्यपालन केंद्रांत वाढवलेले मिळतात. दुकानदाराकडे नावानिशी मागणी केली तर आठ-पंधरा दिवसांत येतात.

टाकी, दगड आणि वाळू

ओढ्याचे मासे आडवे पळणारे असतात. त्यांना उंच टाकीपेक्षा लांब टाकी हवी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच (सुमारे ९० × ४५ × ४५ सेंमी) ही टाकी सुरुवातीला योग्य. ती काठोकाठ भरली तर सुमारे १८० लिटर पाणी मावते. वाळू-दगड धरून प्रत्यक्षात दीडशे लिटर. काच, वाळू व दगडांसह वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते. त्यामुळे टीव्हीचे कपाट किंवा काचेचे टीपॉय हे तिचे स्थान नव्हे. लोखंडी चौकटीचा स्टँड भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या ओळीत ठेवावा. खिडकीतून थेट ऊन टाकीवर येता कामा नये. लहान गोल बरणीत मासे ठेवण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. तीत ना प्राणवायू पुरतो, ना पाणी टिकते.

तळाला बारीक व मध्यम वाळूचे मिश्रण पाच सेंटिमीटर जाडीचे असावे. या आकाराच्या टाकीला तीस किलोच्या आसपास वाळू लागते. ती बादलीत घेऊन, पाणी गढूळ होणे थांबेपर्यंत धुवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. दगड काळ्या बेसॉल्टचे, गोलसर, लहान-मोठे मिसळलेले. बागकामाच्या सामानाच्या दुकानांत ते मिळतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पोकळ्यांतून पांढरी खनिजे साकळलेली असतात. त्यांपैकी कॅल्साइट असलेले दगड पाण्यात विरघळून ते जड करतात. पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर (खाली पातळ थर्मोकोल घालून) टेकवावेत. लोच वाळू उकरतात आणि उकरलेल्या वाळूवरील दगड कलंडला तर काच फुटते.

लाकूड व पाचोळा यांनी टाकीला ओढ्याची खरी कळा येते. जुने, कठीण, वाळलेले मूळ दोन-तीन आठवडे पाण्यात भिजवून वापरावे. ते पाण्याला हलका चहासारखा रंग देते, त्यात वावगे काही नाही. पाचोळ्यासाठी जंगली बदामाची किंवा जांभळाची, झाडावरून आपोआप गळून वाळलेली पाने घ्यावीत. ओढ्याकाठी दिसते म्हणून वाटेल ते पान मात्र टाकीत घालू नये. करंज ओढ्याच्या काठी हमखास असतो, पण त्याचा उपयोग मासे मारण्यासाठी विष म्हणून होत आला आहे. गेळाच्या फळाचेही तेच. वाहत्या ओढ्यात गळणारे एखादे पान आणि दीडशे लिटरच्या बंदिस्त पाण्यात कुजणारे तेच पान यांत फरक असतो.

प्रवाहासाठी टाकीतील एकूण पाणी ताशी सहा-सात वेळा फिरवणारा फिल्टर घ्यावा. दीडशे लिटरला ताशी हजार लिटर क्षमतेचा पंप पुरतो. त्याचे तोंड एका बाजूने आडवे ठेवले की टाकीच्या एका टोकाला खळाळ आणि दुसऱ्या टोकाला संथ पाणी असे दोन भाग होतात. मासे आपापली जागा स्वतः निवडतात. दिवे एलईडीचे, मध्यम प्रकाशाचे, रोज सात-आठ तास. ओढा झाडीखालचा असल्याने अर्धी टाकी सावलीत राहिली तर उत्तमच.

महिना-दीड महिना माशांवाचून

येथवरचे काम एका शनिवार-रविवारी उरकते. पुढचा टप्पा संयमाचा आहे, आणि बहुतेक टाक्या येथेच बिघडतात.

माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो कल्ल्यांना जाळतो. निसर्गात वाळूवर व दगडांवर राहणारे सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक आहे, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच काढून घेते. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी. हे जंतू नव्या टाकीत नसतात. ते हळूहळू वाढतात आणि दोन्ही गट पुरेसे होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले तर पाणी डोळ्यांना स्फटिकासारखे स्वच्छ दिसत असताना मासे मरतात. नव्या टाकीतील बहुतेक मृत्यूंचे रहस्य एवढेच आहे.

या काळात फिल्टर चोवीस तास चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे, म्हणजे जंतूंना अमोनिया मिळत राहतो. परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरचा स्पंज मिळाला तर विरजण लावल्यासारखे काम होते आणि कालावधी निम्म्यावर येतो. तपासणी संचावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट थोडे दिसू लागले की टाकी तयार झाली. महिनाभर रिकाम्या पाण्याकडे पाहत बसणे मुलांना पटत नाही. पण दगडांवर उमटत जाणारी शेवाळाची पहिली झाक दाखवली तर त्यांचेही कुतूहल जागे होते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जंतूंचा आणि माशांचाही शत्रू. पाणी बादल्यांत चोवीस तास उघडे ठेवले, किंवा त्यात हवेचा पंप सोडला, तर क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे ('हायपो') मिळतात. पावसाळ्यात पालिका क्लोरीनचे प्रमाण वाढवण्याची शक्यता असते, तेव्हा जास्त काळजी घ्यावी.

कोणाला जागा द्यावी?

दीडशे लिटरच्या सह्याद्री-टाकीत दहा-बारा झेब्रा डॅनिओ, आठ टिक्टो बार्ब आणि शिस्टुरा जातीचे चार लोच सुखाने नांदतात. झेब्रा डॅनिओ हा बंगालपासून सह्याद्रीपर्यंतच्या ओढ्यांत व भातखाचरांच्या कडेला आढळणारा, बोटभरही नसलेला मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो उंदराच्या मांडीला मांडी लावून बसला आहे. मात्र दुकानात त्याच्याच शेजारी लांब परांचे आणि जनुकीय बदल करून चमकते केलेले प्रकार असतात. ते अधिवास मत्स्यालयात बसत नाहीत. थोडी मोठी टाकी असल्यास डॅनिओंऐवजी मलबार डॅनिओंचा सहाचा थवा ठेवता येतो. तो उड्या मारण्यात पटाईत असल्याने झाकण घट्ट हवे.

मळ्या ठेवण्याचा मोह होतो, पण तो नवशिक्याचा मासा नव्हे. त्याला जोरदार प्रवाह, भरपूर प्राणवायू आणि शेवाळाने माखलेले दगड लागतात. टाकी वर्षभर जुनी झाल्यावर त्याचा विचार करावा. मरळीच्या कुळातील मासे त्याच ओढ्यात राहतात हे खरे. पण टाकीत ठेवल्यास काही दिवसांत तेवढाच एक मासा उरतो. अधिवासाचा प्रामाणिकपणा येथे थोडा आवरावा लागतो.

'मिस केरळ' या नावाने प्रसिद्ध असलेला, लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब हादेखील पश्चिम घाटाचाच. तथापि तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांपुरता मर्यादित आहे. मत्स्यालयांच्या व्यापारासाठी झालेली बेसुमार पकड हे त्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण ठरले आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत त्याची नोंद धोक्यातील प्रजाती अशी आहे. २०१३ मध्ये त्याला 'सह्याद्रिया' हे नवे प्रजातिकुल मिळाले. तो हवाच असेल तर केंद्रात पैदास केलेलाच घ्यावा, आणि त्याच्यासाठी केरळच्या नदीची वेगळी, किमान चार-पाच फुटांची टाकी करावी.

वनस्पतींच्या बाबतीत हात आखडता घेणेच योग्य. खळाळत्या ओढ्यात पाण्याखाली फारशी झाडे नसतातच. संथ बाजूला व्हॅलिस्नेरियाची पात, क्रिप्टोकोरिनची दोन-चार रोपे आणि रोटालाचा एखादा पुंजका पुरे. कास व परिसरातील सड्यांवर उगवणारा वायतुरा दिसायला देखणा असतो. पण तो याच प्रदेशापुरता मर्यादित आणि दुर्मीळ असल्याने त्याचा कंद उपटून आणणे सर्वथा वर्ज्य समजावे.

नवे मासे आणल्यावर त्यांना थेट टाकीत न सोडता दोन-तीन आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दुकानातून येतो तो याच टप्प्यावर ओळखता येतो. लोचना खवले नसल्यागत असतात, त्यामुळे मॅलकाइट ग्रीन किंवा तांबेयुक्त औषधे त्यांना बाधतात. मात्रा निम्मी ठेवावी आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा.

वर्षाचे ऋतुचक्र

आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलणे हा देखभालीचा कणा. तळातील घाण नळीने शोषून काढावी आणि तेवढेच क्लोरीनरहित पाणी सावकाश भरावे. सगळे पाणी एकदम काढून टाकी घासूनपुसून लख्ख करण्याची सवय मात्र मोडावी लागते. अशा 'स्वच्छते'त महिनाभर जोपासलेले जंतू वाहून जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

खाद्य दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. आठवड्यातून एक उपवास माशांना मानवतो. जिवंत खाद्यात डासांच्या अळ्या सर्वोत्तम. दुकानात मिळणारे लाल ट्युबिफेक्स किडे सांडपाण्याच्या प्रवाहांतून गोळा केलेले असू शकतात. ते टाळून गोठवलेले किंवा वाळवलेले खाद्य वापरावे.

एप्रिल-मे हा कसोटीचा काळ. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असलेला प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. टाकीवर लहान पंखा लावून पाण्याचे बाष्पीभवन वाढवले तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. त्यातच वीज गेली तर फिल्टर थांबतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच. काही तास बंद राहिलेल्या बंदिस्त फिल्टरमधले पाणी आधी टाकून द्यावे आणि मगच तो सुरू करावा. आतले जंतू गुदमरून ते पाणी दूषित झालेले असते.

जूनमध्ये ओढ्याला नवे पाणी येते आणि माशांच्या विणीचा हंगाम सुरू होतो. टाकीतही हे घडवता येते. आठवडाभर पाणी न बदलता ठेवून मग एका संध्याकाळी तिसरा हिस्सा पाणी काढावे आणि दोन-तीन अंश थंड, मृदू पाणी हळूहळू सोडावे. पहाटे पहिल्या उजेडात डॅनिओंचे नर माद्यांच्या मागे धावताना दिसतात आणि अंडी वाळूत विखुरली जातात. ती आईबापच खाऊन टाकतात, त्यामुळे गोट्यांचा जाड थर असेल तरच काही वाचतात. उबदार पाण्यात दोन-तीन दिवसांत पिले बाहेर पडतात. काचेतला ओढा स्वतःच्या बळावर जगू लागला, याची खूण ती हीच.

ओढ्यात परत काहीही नाही

पिले वाढली, गर्दी झाली, की 'नदीत सोडून देऊ, पुण्यच लागेल' असा विचार अनेकांच्या मनात येतो. हेतू चांगला असला तरी कृती घातक आहे. शोभेची म्हणून भारतात आलेली जलपर्णी आज पवना, पंचगंगेपासून देशभरच्या जलाशयांचा गळा आवळून बसली आहे. काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा, खरखरीत कवचाचा दक्षिण अमेरिकन सकर मासा मत्स्यालयांतून सुटून आंध्र, केरळ आणि बंगालच्या पाण्यात पसरला आहे; मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया, म्हणजे उजनीकाठची सुपरिचित चिलापी, हिने स्थानिक माशांची जागा कशी घेतली हे तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत दिसते.

परदेशी मासा सोडू नये हे आता बऱ्याच जणांना पटते. देशी मासाही सोडू नये, हे पटवणे अधिक कठीण जाते. केंद्रात वाढलेला टिक्टो बार्ब नेमक्या कोणत्या नदीच्या वंशाचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तो पवनेत सोडला तर तेथील मूळ वंशात भेसळ होते, आणि टाकीतले रोगही बरोबर जातात. ज्या खोऱ्यात २०१६ पर्यंत एक प्रजाती नावावाचूनच राहत होती, तेथे अशी ढवळाढवळ परवडणारी नाही.

जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. छाटलेल्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकाव्यात, कारण हायड्रिलाचा बोटभर ओला तुकडाही नाल्यात पुन्हा रुजतो. त्यांच्या पानांना चिकटलेल्या गोगलगायींच्या अंड्यांचेही तेच. दर आठवड्याला काढलेले पाणी नायट्रेटमुळे खतासारखे असते. ते मोरीत किंवा नाल्यात न ओतता गच्चीवरील कुंड्यांना घालावे.